फिलूबाईचं भरलं डुक्कर

फिलूबाई घड्याळ बघून स्वयंपाक करत नसे. गळ्यातली जपमाळ काढायची, माझ्या चुलीजवळ खुर्ची ओढायची आणि पुटपुटत मणी सरकवायची. भाताला अर्धी माळ, मटणाला अडीच. मधे कुणी बोललं तर बोट मण्यावर धरून ठेवायची, बोलणाऱ्याला शिवी हासडायची आणि पुन्हा देवाकडे वळायची. मी एकदा म्हटलं, "आवं, देवाला काय वाटत आसंल?" ती म्हणाली, "त्याला काय वाटायचंय? त्यालाही कळतं, भात करपतोय."

ती वारून दोन वर्षं झाली. वसईची ख्रिस्ती बाई. आमच्या कोळवणात आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि गुडघे गेले होते. तिचा मुलगा अंतोन हिंजवडीला कामाला. त्याचं इथं फार्महाऊस, तिथं त्यानं आईला आणून ठेवलं. तो आणि त्याची बायको शनिवार-रविवार यायचे. बाकीचे पाच दिवस तिच्याजवळ मी. झाडलोट माझी, भांडी माझी, आणि तिची बडबड ऐकायची तीही मीच.

तिला आणण्याचं कारण साधं होतं. वसईच्या घरात ती एकटी असायची. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरली आणि खिडकीचा पडदा पेटला. अंतोननं त्या घराला कुलूप लावलं. इथंही तो सिलिंडर काढून शेडमध्ये कोंडून जायचा. म्हणून तर ती दुपारी काठी टेकत माझ्या घरी यायची, माझ्या चुलीवर काहीतरी रटरटत ठेवायची. मी "झालं का, झालं का" केलं की म्हणायची, "तुला घाई असेल तर जा, केळं खा."

नाताळच्या आठ दिवस आधी अंतोन म्हणाला, "मम्मी, वसईच्या घराला भाडेकरू मिळालाय. जानेवारीत देऊन टाकू."

 ती म्हणाली, "नाताळला भरलं डुक्कर मी करणार. अख्खं. तुझ्या ऑफिसची माणसं बोलाव. नीट झालं तर मी माझ्या घरी जाणार, माझ्या गॅसजवळ. बिघडलं तर दे घर कुणालाही. मी पुन्हा नाव काढणार नाही."

"कशाला रिस्क, मम्मी? पुण्याहून ऑर्डर करू."

"ऑर्डर तुझ्या बायकोला सोड. मला पिल्लू आण."

मला तिनं सांगितलं, "सरू, डुकराबरोबर फुगे लागतील. शंभर तरी." मी जीपमध्ये बसून पौडला गेले आणि रंगीत फुग्यांची दोन पाकिटं घेऊन आले. ती पाकिटं बघून इतकी हसली की मला तिची पाठ चोळावी लागली. "अगो, खायचे फुगे! मैद्याचे! हे काय डुकराच्या शेपटीला बांधू?" त्यांच्याकडे मैद्यात अंडी आणि नारळाचं दूध घालून पीठ आंबवतात, मुठीतून दाबून गोळे तेलात सोडतात, ते टम्म फुगतात. हे मला कुणी सांगायचं?

नाताळच्या आदल्या दिवशी अंतोननं पिल्लू आणलं, साफ केलेलं, सहा किलोचं. आमच्याकडे पूर्वी रानडुक्कर खायचे, पण पाळलेल्या डुकराला कुणी हात लावत नाही. मीही लांब उभी राहिले. फिलूबाईनं त्याला मीठ, लसूण आणि सिरका चोळला. त्याचंच काळीज बारीक चिरून, कांदा, बटाटा, पाव आणि घरचा मसाला घालून परतलं आणि ते पोटात भरलं. मग शिवायला बसली. दोरा सुईत जाईना. अंतोन दारातून बघत होता, आणि त्याला काय वाटत होतं ते मला दिसत होतं.

मी पदर खोचला, घरून दाभण आणली आणि गोधडीला घालते तसे टाके घातले. कुंपणापलीकडून माझी जाऊ सोना ओरडली, "डुकराला टाकं घालतीयास व्हय गं? आता पाळण्यात घाल आन् बारसं कर!"

मी म्हटलं, "ये की. आत्या म्हणून कानात कुर्र कर."

नाताळच्या पहाटे दुसरीच अडचण निघाली. पिल्लू ओव्हनमध्ये मावेना. सून म्हणाली, मधून कापू या. फिलूबाई म्हणाली, "कापलं तर भरलं कशाला? बाहेर लाकडावर करते." मोठा पितळी टोप होता. तिनं लाकडं रचायला घेतली. ती लाकडं बघून मात्र मला राहवेना.

"फिलूबाई, लाकडानं जाळ व्हईल. भाईर कोळसा, आत कच्चं. आमी राब भाजतो तसं करू."

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात ते. शेण, पालापाचोळा, गवत, वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचा, म्हणजे भडका होत नाही, दिवसभर आतल्या आत धुमसतो. मी खड्डा काढला, टोप ठेवला, झाकण कणकेनं बंद केलं. भोवती आणि वर भाताचा तूस, गोवऱ्यांचे निखारे, त्यावर माती. सहा वाजता पेटवलं. फिलूबाईनं खड्ड्याजवळ खुर्ची ठेवली, माळ काढली आणि म्हणाली, "अठरा माळा."

दहा वाजता अंतोन आला. जाळ नाही, धूरही जेमतेम. "मावशी, हे विझलंय," मला म्हणाला आणि मी धावेपर्यंत त्यानं बांबूनं माती उकरली. वारा आत शिरला आणि टोपाभोवती भडका उठला. फिलूबाई खुर्चीतून हलली नाही. बोट मण्यावर होतं. "सरू, माती." मी घमेल्यांवर घमेली माती ओतली. जाळ बसला. माझे हात पोळले ते पोळले.

अंतोन घाबरला होता. तरी त्यानं विचारलंच, "मम्मी, कितवी माळ चालू होती? आठवतंय?"

"बारावी. एकेचाळिसावा मणी. तू मधे तडमडलास म्हणून ही पहिल्यापासून म्हणणार. जा, केळं खा."

पाहुणे एकच्या आधीच आले, दहा जण. फुगे मी तळले. शंभर झाले नाहीत, ऐंशी झाले. सिरक्यातला कांदा, उकडलेले बटाटे आणि काकडीचं लोणचं तिनं आधीच मांडून ठेवलं होतं. अठरावी माळ संपली. मी माती सारली, कणीक फोडली. एका बाजूची कातडी भडक्यानं काळी पडली होती. अंतोनची बायको "अरेरे" म्हणाली. फिलूबाईनं तिकडे बघितलंही नाही. दोन बोटांत फासळीचं हाड धरलं आणि ओढलं. हाड स्वच्छ हातात आलं. माझा मात्र एकही टाका सुटला नव्हता.

मग सगळे ताटावर वाकले. माणसं जेवताना बोलायची थांबली की समजायचं. एक जाडा साहेब काळी पडलेली कातडीच मागून मागून खात होता. मी खाल्लं का, हे गावात अजून विचारतात. खाल्लं. दोनदा घेतलं. सोना भांडी घासायच्या निमित्तानं आली आणि चार फुगे टोपातला रस्सा लावून खाऊन गेली.

जेवणं झाल्यावर अंतोन आईच्या खुर्चीजवळ येऊन बसला. त्यानं तिचा हात धरला. म्हणाला, "तिकडे तुला कोण बघेल, मम्मी?"

"तू. भूक लागली की येशीलच."

जानेवारीत ती वसईला गेली. मला राग आला होता. खड्डा मी काढला, आग मी धरली, आणि तिला घालवलीही मीच. मी तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "मग? तुझ्या चुलीवर मरू काय?" बरोबरच होतं तिचं.

चार वर्षं ती तिकडे एकटी राहिली. पडदा सोडाच, तिनं पुन्हा दूधसुद्धा उतू जाऊ दिलं नाही. अंतोन दर रविवारी जेवायला जायचा आणि पोट सुटून यायचा. मी एकदाच गेले, त्याच्याच गाडीतून. दाराबाहेरच वास आला. दार उघडंच होतं. आत गॅसचे तिन्ही बर्नर पेटलेले आणि फिलूबाई मधे उभी. बसलेली नाही, उभी. गळाभेट वगैरे काही नाही. मला बघितलं आणि माळेवरचं बोट न हलवता म्हणाली, "उभी काय? हात धू आणि पीठ घे. फुगे तू तळ."