त्यांचं ते सांगतील

खालापूरच्या तहसील कचेरीत, रांगेत माझ्यापुढे व्हीलचेअरवर एक म्हातारे गृहस्थ होते. सोबतची बाई त्यांना सांभाळायला ठेवलेली. गृहस्थांची हनुवटी ओली झाली, तेव्हा तिने रुमाल त्यांच्या हातात दिला, पुसली त्यांनीच.

क्लार्कने तिलाच विचारलं, "यांचं नाव काय?"

"त्येंना इचारा ना. ऐकू येतंय त्येंना."

गृहस्थांच्या तोंडून एकेक अक्षर कष्टाने सुटू लागलं. रांग कुरकुरली. त्यांच्या मांडीवरच्या अर्जावरचं नाव मला दिसत होतं. मी ते मोठ्याने वाचून टाकलं.

बाईने वळून पाहिलं. "घाई आसंल तर तुमी तुमचं नाव सांगा. त्येंचं त्ये सांगतील."

गृहस्थांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. रोज ऐकलेलं ते नाव ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी उभी होती.