न बोललेलं दूध

नागासाकीसमोरच्या आमच्या बेटावर मिसाओ हामासाकीला घाबरत नाही असं घर सापडायचं नाही. ती नगरपालिकेच्या कचराघरात कामाला. काचेच्या बाटल्यांच्या पिशवीत प्लास्टिकचं झाकण सापडलं, की ती पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून पिशवी तिथेच ठेवून जायची. मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायचं, कोणाच्या घरात शिस्त नाही ते. पाद्रीबाबांच्या पिशवीलाही तिने सोडलं नव्हतं. "देवाला कळतं तर झाकण वेगळं करायला काय होतं?" असं तोंडावर म्हणाली होती.

अशी ही बाई आयुष्यभर एकाच गोष्टीला घाबरली. स्वतःच्या रक्ताला.

तिची आई गेली तेव्हा मिसाओ नुकतीच लग्न होऊन आली होती. आईच्या अंगावर चट्टे उठले, मानेत आणि काखेत गाठी आल्या, आणि पावसाळा संपायच्या आत बाई हाडाचा सापळा होऊन गेली. तेव्हा कोणाला नाव माहीत नव्हतं. पुढे मोठ्या डॉक्टरांनी शोधून काढलं की हा रक्ताचा कर्करोग आहे, तो एका विषाणूमुळे होतो, तो विषाणू आमच्या किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे, आणि आईच्या दुधातून तो लेकराकडे जातो. मग गरोदर बायकांचं रक्त तपासायला लागले. मिसाओचा एकुलता एक मुलगा यासुहिरो त्याच्या आदल्याच वर्षी जन्मला होता. त्यामुळे तिचं रक्त कोणी मागितलं नाही, आणि तिने आपणहून दिलं नाही. रक्तदानाची गाडी बंदरावर आली की ती म्हणायची, "माझ्यात लोह कमी आहे हो." गाडीवरल्या नर्सला ते वाक्य पाठ झालं होतं.

शेजारची चिझुरु बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा ही दबलेली भीती पुन्हा उसळून आली.

चिझुरु फुकुओकाला दिलेली. पोटात सातवा महिना. तिकडच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि त्यात तोच विषाणू निघाला. नवऱ्याचं तपासलं, स्वच्छ. चिझुरुच्या आईचं, कात्सुयोचं, तपासलं, तेही स्वच्छ. आईकडून नाही, नवऱ्याकडून नाही, मग आला कुठून? हा विषाणू बाईला पुरुषाकडूनही येतो, हे चिझुरुच्या सासूने कुठेतरी वाचलं, आणि फोनवर कात्सुयोला गोड आवाजात सांगितलं, "बाळंतपण होऊ दे निवांत. पण हे कुठून आलं ते कळल्याशिवाय पोरीला परत पाठवायची घाई नको." नवरा गप्प. गप्प राहणाऱ्या नवऱ्यांची आपल्या जगात काय कमी आहे!

कात्सुयो फोन ठेवून सरळ मिसाओच्या स्वयंपाकघरात आली. रताळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या, त्या परातीशेजारी मटकन बसली.

"मिसाओ-सान, माझी पोर तशी आहे का? तुम्ही सांगा. तुमच्या डोळ्यांदेखत वाढली ना?"

"वेडी आहेस का? चिझुरु तशी नाही."

"मग आलं कुठून? देगुची डॉक्टरांनी उद्या बोलावलंय. तुमच्या गाडीतून नेता का? आणि आत चला बरोबर. मला एकटीला त्या खोलीत काही सुचायचं नाही."

मिसाओ "नेते" म्हणाली. पण तो विषाणू कुठून आला, हे जगात आता एकट्या तिलाच माहीत होतं.

चिझुरु जन्मली आणि कात्सुयोला मूत्रपिंडाचं दुखणं झालं. तापाने फणफणलेल्या बाईला बोटीने नागासाकीला हलवलं, ती महिना उलटला तरी परत आली नाही. इकडे तान्ही पोर डब्याचं दूध ओकत होती. कात्सुयोची सासू किनू, देव तिचं भलं करो, मोठी करारी बाई. तिने पोरीला कोटाखाली लपवलं, मागच्या दाराने मिसाओकडे आणलं, आणि एक शब्द न बोलता पुढे केलं. मिसाओच्या मांडीवर यासुहिरो होता. तिने त्याला एका बाजूला घेतलं आणि चिझुरुला दुसऱ्या बाजूला. रोज, कात्सुयो परत येईपर्यंत.

आमच्या गावात दुसरीच्या लेकराला दिलेलं दूध बोलून दाखवायचं नसतं. ज्या आईला जमलं नाही तिची मान खाली जाते, आणि देणारीने तोंड उघडलं तर ती आभार मागते असा अर्थ होतो. फार तर नवीन वर्षाला देणारीच्या दाराशी एखादा मोठा मासा येतो, नाव न सांगता. किनू जिवंत होती तोवर मिसाओकडे दरवर्षी मासा येत होता. कात्सुयोला सासूने सांगितलं होतं की पोर डब्याच्या दुधावर जगली. हा आमचा चांगुलपणा. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, असल्या चांगुलपणाला आग लागो.

देगुची डॉक्टर बेटावरचेच. चिझुरुला भीती वाटू नये म्हणून त्यांनी सगळं तिला कळेल अशा भाषेत समजावलं.

"हे बघ चिझुरु, शरीराच्या प्रत्येक पेशीत एक हामासाकी-सान बसलेल्या असतात." मिसाओकडे बघून ते हसले. "पेशीत प्रथिनं असतात, कामकरी. एखाद्याचं काम संपलं, किंवा तो बिघडला, की त्याच्यावर एक बारीक चिठ्ठी चिकटते. तिचं नाव युबिक्विटिन. आपण टाकायच्या जुन्या कपाटावर, गादीवर 'हे घेऊन जा' अशी नगरपालिकेची चिठ्ठी लावतो ना, तसंच. चिठ्ठी दिसली की आतलं यंत्र त्या प्रथिनाला ओढून घेतं आणि तुकडे करतं. घर साफ."

"आणि विषाणू?" चिझुरुने विचारलं.

"विषाणू त्या चिठ्ठ्यांत लुडबुड करतो. माएदांच्या नातवंडांनी आजोबांच्या नव्या कोऱ्या सायकलवर चिठ्ठी चिकटवली होती, आठवतं? हामासाकी-सानच्या गाडीने ती उचलून दाबून टाकली. चूक गाडीची नव्हती. पेशीला 'थांब, आता वाढू नकोस' म्हणणारे राखणदार असतात. काही विषाणू त्या राखणदारांवरच चिठ्ठी लावतात. यंत्र इमानदारीने त्यांचे तुकडे करतं. मग पेशी वाढत सुटते. पण तसं व्हायला खूप वर्षं लागतात, आणि शंभरातल्या चार-पाच जणांनाच होतं. तू बाळाला बाटलीने दूध दे, म्हणजे तुझ्याकडून पुढे जाण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. मला फक्त एक सांगा." ते कात्सुयोकडे वळले. "हिने लहानपणी दुसऱ्या कोणाचं दूध प्यायलं होतं का?"

"अजिबात नाही," कात्सुयो ताठ बसून म्हणाली. "डब्याचं दूध, नंतर माझं. आमच्या घरात ती पद्धत नव्हती."

मिसाओने मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं. चिझुरु आपल्या पोटावर हात ठेवून खाली बघत होती.

त्यानंतर मिसाओचं कामात चित्त लागेना. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा आणि ती बघत राहायची. आपल्या दुधातून काय गेलं त्या पोरीच्या अंगात? आणि यासुहिरोच्या? यासुहिरोच्या मुली? त्याची बायको त्याला काय म्हणेल? बोललं तर मुलाच्या घरात आग, नाही बोललं तर चिझुरुच्या. रात्री जेवताना तिने सहज मानेवरून हात फिरवला आणि कानाच्या खाली, जबड्याशी, तिला एक गाठ लागली. दुखत नव्हती. आईचीही दुखत नसे. मिसाओ तशीच बसून राहिली, आणि माशाचं सार गार झालं.

गाठ आहे की भास, हे बघायला ती दिवसातून कितीदा तरी मानेला हात लावू लागली. कचराघरातल्या पोरी म्हणाल्या, "मान आखडली का हो?" ती त्यांच्यावर खेकसली. आरशासमोर जायची तिला धास्ती बसली.

चिझुरु रोज संध्याकाळी तिच्याकडे येऊन बसायची. लहानपणापासूनची सवय; मिसाओला ती ओबाचान, म्हणजे मावशी, म्हणायची. त्या दिवशी आली ती डोळे सुजवून.

"ओबाचान, सासूबाईंनी माझे कपडे खोक्यात भरून पाठवले. हिवाळी कपडे. हिवाळ्याला अजून किती अवकाश आहे."

"नवरा काय म्हणतो?"

"म्हणाला, 'आई थोडी घाबरली आहे.' तो मला विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी सांगितलं असतं ना, बाबा रे, तुझ्याशिवाय कोणी नाही." तिने नाक पुसलं. "मलाच आता वाटायला लागलंय, मी काही केलं होतं का, आणि विसरले का?"

ते ऐकलं आणि मिसाओला राहवलं नाही. निर्दोष पोर स्वतःच्याच अंगावर चिखल उडवून घेत होती.

"आईला बोलव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. माझा धीर जायच्या आत."

कात्सुयो हात पुसत आली. मिसाओने तिच्याकडे न बघता सांगितलं. किनूने पोर कोटाखाली आणलेली. मागचं दार. दोघं एकदम प्यायची. दाराशी मासा कशासाठी यायचा ते. तिची आई कशाने गेली ते. सांगताना काही शब्द तिला दोनदा म्हणावे लागले.

"मला तेव्हा माहीत नव्हतं. पण नंतर संशय आला होता, आणि मी तपासलं नाही. भीती वाटली. आता डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही भीती वाटली. चिझुरु, तुझ्या सासूला सांग. माझं नाव सांग. गावाला सांगायचं तर गावाला सांग."

बोलली ती कात्सुयो, आणि ती विषाणूबद्दल बोललीच नाही.

"मी नागासाकीहून परत आले तेव्हा ही मला घेऊ देत नव्हती. छातीशी धरली की तोंड फिरवायची. तुमच्या भिंतीकडे बघून रडायची. मला वाटलं माझ्या दुधाला वास येतो औषधांचा. मला वाटलं पोरीला मी आवडत नाही. वर्षानुवर्षं वाटलं, मिसाओ-सान! ही तुमच्याकडे धावायची, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायची, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि तुम्ही भिंतीपलीकडे बसून गप्प!"

"सासूबाईंनी सांगितलं होतं..."

"सासूबाई मेल्या! त्यांना जाऊन किती वर्षं झाली? तुम्ही तर जिवंत होता ना?"

ती चिझुरुचा हात धरून निघून गेली. दार इतक्या जोराने ओढलं की वाळवणाची परात खाली आली.

चिझुरुने त्याच संध्याकाळी सासूला फोन केला. काय बोलली ते गावाला कळलं नाही. पण नवरा पुढच्या बोटीने आला आणि बंदरावरच, सगळ्यांदेखत, माफी मागत बायकोपुढे कमरेत वाकला. त्याला बराच वेळ कोणी 'सरळ हो' म्हटलं नाही, ते बरंच झालं. मिसाओने हे आपल्या बंदराकडच्या खिडकीतून पाहिलं. तिच्याकडे कोणी आलं नाही. यासुहिरोला तिने फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "आई, आम्ही तपासून घेतो," आणि एवढंच म्हणाला.

मग तिने रक्त दिलं.

निकालाच्या दिवशी ती एकटी गेली. देगुची डॉक्टर या खेपेला हसले नाहीत. विषाणू होताच. शिवाय रक्तात काही पेशी सापडल्या होत्या, ज्यांच्या पोटातलं केंद्रक फुलाच्या पाकळ्यांसारखं फाटलेलं असतं. म्हणजे शंभरातल्या त्या चार-पाच जणांत मिसाओ.

"आज काही करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही जणांचं असंच वर्षानुवर्षं शांत राहतं. दर थोड्या दिवसांनी रक्त बघायचं आणि वाट बघायची. वाढलं तर इंजेक्शनं. त्यातूनही रोग परत आला तर एक गोळी आहे. ती पेशीतल्या चिठ्ठी लावणाऱ्यालाच कामाला लावते. कर्करोगाची पेशी ज्यांच्या जोरावर जगते त्या प्रथिनांवर चिठ्ठी लागते आणि त्यांचे तुकडे होतात. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही."

"वाट बघायची," मिसाओ म्हणाली. "म्हणजे रोज मानेला हात लावून बघायचं, असंच ना? डॉक्टर, मला फार भीती वाटते. आईला बघितलंय मी."

नर्स कागद घेऊन आली. बेटाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नाव पाठवायचं होतं, बरोबर कोण येणार त्याचं नाव हवं होतं. मिसाओ म्हणाली, "कोणी नाही. कोरं सोडा."

तेवढ्यात दार उघडलं. कात्सुयो दारात उभी. मिसाओची गाडी दवाखान्याकडे वळताना पाहून ती चढण धावत चढली होती, धापा टाकत होती, पायात दोन वेगळ्या चपला.

"कोरं काय सोडता? कात्सुयो इवानागा लिहा. मी येणार." ती मिसाओकडे बघतसुद्धा नव्हती.

नर्सने लिहिलं. मग विचारलं, "नातं काय लिहू? शेजारीण?"

कात्सुयोने ओठ घट्ट मिटले, मग एकदम चिडून बोलली, "लिहा, माझ्या मुलीची आई. आणि हेही लिहा की मी हिला माफ केलेलं नाही."

नर्स पेन धरून तशीच थांबली. कात्सुयोने मिसाओचा हात धरला, दुखेल इतका घट्ट.