दारव्हा–यवतमाळ: जाताना ड्रायव्हर, येताना सवारी

भाऊजींच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, असं मंगळवारी दुपारी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्याच सकाळी भाऊजींनी तिथल्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली होती. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. दारव्हा–यवतमाळ जीप चालवतात. आम्हा दोघांनाही शुगर आहे आणि डोळ्यांचा पडदा दोघांनीही कधी तपासला नव्हता. ताई हटूनच बसली, तेव्हा भाऊजींनी अट घातली, "साळेबुवा तपासतीन, तं मी तपासतो."

सकाळी सातला निघालो. जीप घरची, खर्च डिझेलचा. लाडखेडला बिनसाखरेचा चहा आणि दोघांत एक आलूबोंडा. पुढे मैलाचा दगड आला. मला जाड चष्म्यातून दगडही दिसेना, भाऊजी आकडा वाचून मोकळे.

"मले हे दिसून राह्यलं, अन् मलेच कायले नेता? तुमच्या त्या चष्म्याले दाखवा!"

केसपेपरला किरकोळ पैसे, रांगेत दीड तास. नर्सनं दोघांच्याही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकले. माझा पडदा स्वच्छ निघाला. भाऊजींचा नाही.

"पन मले तं सगळं दिसते, मॅडम."

"दिसतंय तोवरच यायचं असतं, काका. दिसेनासं झाल्यावर आमच्या हातात फार उरत नाही."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं. भाऊजींनी किल्ली काढली आणि तशीच हातात धरली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही समोरचा धूसर. परत जीप कोण चालवणार, याचा विचार कोणीच केला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा थेंब न टाकलेला एक माणूस आणि काळा चष्मा सोबत न्या.

शेवटी जीप-स्टँडवरच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं, अन्वरभाईंनी, स्टिअरिंग धरलं. "मागं बसा, भाऊ. अन् भाडं लागन बरं!" आम्ही दोघं हसलो. भाऊजी हसले नाहीत. दारव्ह्यापर्यंत प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

घरी ताईनं विचारलं, "काय म्हनलं?"

"साळेबुवाचा पडदा साफ आहे, अन् माहा खराब. कागद बदलले असतीन."

कागद बदलले नव्हते. मी नाव दोनदा वाचून घेतलं होतं.

येत्या सोमवारी पडद्याचा फोटो काढतील, मग लेझर लागेल का ते ठरेल. बुधवारी सकाळी भाऊजी नेहमीसारखे जीप घेऊन गेले. सोमवारी एसटीनं जायचं ठरलंय. निदान ताईचं तरी तसं ठरलंय.