पुलावरचा हललेला फोटो

लॉकडाऊनच्या काळात मी ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलले तो माझा नवरा नव्हे, शेजारी. नवऱ्याला हे माहीत आहे आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. उलट सुटल्यासारखं वाटत असावं. इथे परदेशात, पॉइंट कुक नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरामागे एक पत्र्याचं कुंपण आहे, आणि ते इतकं उंच की मी बादली उपडी घालून तिच्यावर उभी राहिले तरच माझं डोकं पलीकडे दिसायचं. पलीकडे तो दुधाच्या क्रेटवर उभा राहायचा. कुणाच्या घरी जायची बंदी होती, पण बादलीवर उभं राहायला कुणी बंदी केली नव्हती.

तो फिलिपिन्सचा. सिव्हिल इंजिनियर, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करायचा. एकटाच राहायचा, आणि वयाने माझ्यापेक्षा लहान. मला 'आते' म्हणायचा. त्यांच्यात मोठ्या बहिणीला असंच म्हणतात. आमच्यात आत्याला म्हणतात हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, प्रमोशन झालं समज. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काम काय करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगते, दुसऱ्यांच्या चुका काढते. नवरा लगेच म्हणतो, आणि ऑफिसातही तेच करते.

तर हा शेजारी कोरोना यायच्या काही महिने आधी आईला आणि बहिणीला घेऊन चीन फिरून आला होता. आई त्याची तिकडे फिलिपिन्समध्ये एका लहान गावात बहिणीजवळ राहायची. ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली ती या सहलीसाठी. त्याने तिथे ढीगभर फोटो काढले होते. इथे आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला मनाई झाली, तेव्हा रोज संध्याकाळी तो मला त्यातला एक व्हॉट्सॲपवर पाठवायचा. खाली लिहायचा, 'आजची सहल'. मी भांडी घासता घासता चीन बघून घेतला.

आता चीन म्हटलं की आपल्याला वाटणार भिंत, राजवाडा, बुद्ध. ते होतंच, नाही असं नाही. पण या बाबाला वेड भलत्याच गोष्टींचं. गटाराची झाकणं. बीजिंगची झाकणं, शीआनची झाकणं, फुलांची नक्षी असलेली, माशांची नक्षी असलेली. दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्या आणि त्यांच्या शेजारीच वाळत घातलेली बदकं. रेल्वे स्टेशनावर चहाच्या बाटलीत गरम पाणी भरणाऱ्या लोकांची रांग. बागेत उलटं चालणारे म्हातारे. भिंतीचा एक फोटो आला तर त्यात अर्धी चौकट एका झोपलेल्या कुत्र्याने अडवली होती. मी त्याला म्हटलं, अरे, एवढे पैसे घालून गेलास आणि कुत्रं काय काढून आणलंस. तो म्हणाला, भिंत सगळेच काढतात. त्याची आई या सगळ्याला वैतागली होती म्हणे. एकदा एका झाकणाजवळ तो वाकला, तेव्हा ती त्या झाकणावरच जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आता काढ. तो फोटो मला फार आवडायचा. बुटकीशी बाई, छातीशी पर्स घट्ट धरलेली, चेहऱ्यावर अस्सा राग.

हे फोटो आधी तो ऑफिसच्या ग्रुपवरही टाकायचा. मग एकदा सुपरमार्केटमध्ये एका माणसाने त्याला बघून ट्रॉली लांब ओढली आणि चीनला परत जा असं काहीतरी पुटपुटला. त्या दिवसापासून ग्रुपवर चीन बंद. कुंपणाशी मला सांगताना म्हणाला, "मी चिनी नाही असं त्याला सांगणार होतो. तोंडावर आलं होतं. मग मला माझीच लाज वाटली." माझा मात्र असा संताप झाला की मी त्या माणसाला मराठीत दोन शिव्या घातल्या. शेजाऱ्याने अर्थ विचारला नाही. सूर कळला असणार.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत पुन्हा लॉकडाऊन लागलं, आणि त्याच सुमारास तिकडे त्याची आई आजारी पडली. बहीण आधी तापली, ती बरी झाली, मग आईला धाप लागली. हॉस्पिटलात हलवलं. इथून देश सोडायलाच सरकारची परवानगी लागायची. त्याने अर्ज केला, पण परवानगी मिळाली तरी विमान नव्हतं, आणि विमान मिळालं तरी उतरल्यावर क्वारंटाइन होतं, आणि त्यातून सुटून पोचला असता तरी वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. हे सगळं त्याने मला एकदाच समजावलं, एखाद्या पाइपलाइनचा नकाशा समजवावा तसं, कुठे कुठे व्हॉल्व्ह बंद आहे ते. मग 'आजची सहल' येणं थांबलं.

मी डाळ, भात, लिंबाचं लोणचं असं काहीबाही कुंपणावरून देत राहिले. माझी स्वतःची आई नाशिकला, भावाकडे. आपल्यावर हीच पाळी आली तर, हा विचार मनात यायचा आणि मी तो झाडून टाकायचे.

एका दुपारी बऱ्याच दिवसांनी त्याचा फोटो आला. खाली सहल वगैरे काही नाही. विचारलं होतं, यात माणसं किती?

तळ्यावरचा दगडी पूल. त्यावर तो, त्याची बहीण, आणि दोघांच्या मधे आई. आई जराशी हलली होती. तिचा एक हात त्याच्या कमरेशी, पुसट झालेला. मी सरळ लिहिलं, तीन.

उत्तर आलं नाही. मी बादलीवर चढले, तर तो क्रेटवर आधीच उभा होता. डोळे सुजलेले.

"तिघांचा फोटो आहे, आते."

मला लगेच कळलं. आमच्या घरातही तिघांचा फोटो काढत नाहीत. लग्नकार्यात तिघं उभे राहिले की आई कुणाला तरी हाताला धरून ओढून आणायची, वाढप्याला सुद्धा. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, तिघांनी मिळून एका कामाला निघायचं नाही, ही सगळी त्याच समजुतीची भावंडं. आमच्याकडे काय होईल ते मात्र कुणी सांगत नाही. नुसतं नको म्हणतात. त्यांच्याकडे स्पष्ट सांगतात. तिघांच्या फोटोत जो मधे असतो, तो आधी जातो.

"ती कधीच तिघांत उभी राहत नाही," तो म्हणाला. "पुलावर मीच मागे लागलो. म्हटलं, मा, नुसता फोटो आहे. एका टूरिस्टच्या हातात कॅमेरा दिला. ती नाही नाही म्हणत होती, आणि मग एकदम तयार झाली. मी बहिणीला म्हटलं पण, बघ, आई सुधारली."

मी म्हटलं, अरे, मग फोटो काढणारा चौथा झाला की. तो म्हणाला, तो धरत नाहीत. चौकटीत असलेलेच धरतात. मी म्हटलं, हे कुणी ठरवलं? तो म्हणाला, हे असंच आहे.

आता मी काय, दोन डिग्र्या घेतलेली बाई. तोही इंजिनियर. माझी लेक मागून जाता जाता म्हणाली, "इट्स जस्ट अ फोटो, मम." बरोबर आहे बाई, तुझी आई तुझ्यासमोर उभी आहे. मी त्याला म्हटलं, मूळ फोटो पाठव, मोठ्यातला मोठा. चौथा शोधू.

माझ्या कामाच्या मोठ्या स्क्रीनवर मी तो पूल उघडला. ऑफिसची मीटिंग चालू होती, मी आवाज बंद करून ठेवला. पुलाचा दगड न् दगड बघितला. बहिणीच्या पलीकडे, अगदी कडेला, कुणाचा तरी खांदा होता. निळं जॅकेट, नुसता खांदा. फोनवर त्याला कळवलं. तो म्हणाला, खांदा चालणार नाही. मी म्हटलं, खांदा काय हवेत तरंगतो का, त्याला माणूस जोडलेला असणारच. त्यावर आमचा चांगलाच वाद झाला. तोंड दिसलं पाहिजे, असं शेवटी त्याने ठरवलं. त्याच्या ऑफिसात पाइपाची तपासणी करतात तशी अट घातली. मी म्हटलं ठीक आहे, तोंड तर तोंड. खरं सांगायचं तर वाद घालताना तो पहिल्यासारखा बोलायला लागला होता, म्हणून मीही ताणलं.

आणि सापडली. पूल पलीकडे जिथे उतरतो तिथे, झाडाच्या बुंध्याशी, लाल टोपीतली एक बाई. हातात कणीस असावं. कॅमेऱ्याकडेच बघत होती, तोंड स्वच्छ दिसत होतं. मी तिच्याभोवती गोल काढला आणि पाठवून दिला. कुंपणापलीकडून त्याचा आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा ते कळलं नाही. त्याने तो फोटो तसाच, गोलासकट, बहिणीला पाठवला आणि सांगितलं, कसंही करून आईला दाखव.

दोनेक दिवस काही नाही. मग त्याने मला फिरायला बोलावलं. व्यायामाला म्हणून दोघांनी चालायची मुभा होती. मास्क लावून, मधे अंतर ठेवून आम्ही पाणथळीच्या कडेच्या रस्त्याने निघालो. गार वारा, डोळ्यांतून पाणी. तिथे एका बाकाशी थांबून त्याने फोनवर आईचा रेकॉर्ड होऊन आलेला आवाज लावला. वॉर्डातल्या नर्सने फोन धरला होता म्हणे. धाप, मग दोन शब्द, मग धाप. मला भाषा कळत नव्हती. संपल्यावर त्याने मला इंग्रजीत सांगितलं.

आई म्हणाली होती, ती टोपीवाली कशाला शोधलीत. मी काय न कळून उभी राहिले का? तू मधे जाऊन उभा राहत होतास. म्हणून मी आले.

कमरेशी पुसट झालेला तो हात आम्ही दोघांनी हजारदा बघितला होता. आम्हाला वाटलं, लेकाला जवळ घेतेय.

"ढकलत होती मला," तो म्हणाला. "ती हलली म्हणून फोटो बिघडला. आणि आते, मी तिच्यावर चिडलो होतो. एवढ्या लांब आणलं आणि एक फोटो नीट काढू देत नाहीस, असं म्हणालो."

तो बाकावर बसला आणि रडला, मास्क पार ओला होईपर्यंत. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. अंतर ठेवायचा नियम होता. मी ठेवला हात. कुणी बघितलं असतं तर दंड भरला असता.

त्याची आई त्या आठवड्यात गेली. त्याने सगळं फोनवरच बघितलं. नऊ दिवसांच्या संध्याकाळच्या प्रार्थना सुद्धा, घरात एकट्याने मेणबत्ती लावून. मी कुंपणाच्या अलीकडे बादलीवर बसून राहायचे, त्याला न सांगता. त्याला ठाऊक असावं, कारण शेवटच्या दिवशी त्याने पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

मी ही गोष्ट माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितली. मला वाटलं, हळहळेल. ती म्हणाली, "बरोबर केलं तिने," आणि तिकडे कांदे कसे मिळतात ते विचारायला लागली.

सीमा उघडल्या तेव्हा तो त्याच्या घरी गेला आणि मी नाशिकला. आईला बघितलं तर ती इतकी लहान झाली होती की मला दारातच रडू फुटलं. तिने मला आधी हातपाय धुवायला पाठवलं. परत निघायच्या दिवशी बॅगा रिक्षात चढत असताना वहिनीने फोन काढला आणि म्हणाली, ताई, तुम्ही दोघं बहीणभाऊ आणि आई, असा एक काढते. मला वाटलं, आई आता कुणाला तरी ओढून आणणार. रिक्षावाला समोरच होता. पण तिने कुणाला हाक मारली नाही, पदर सारखा केला आणि यायला निघाली.

मी आधीच जाऊन मधे उभी राहिले. भाऊ एका बाजूला, दुसरी बाजू आईसाठी मोकळी.

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग कमरेशी हात लावला आणि मला बाजूला सारलं. सगळी ताकद लावली होती तिने. मी सरकले.

फोटो हलला. वहिनी म्हणाली, परत काढू का? मी म्हटलं, नको, छान आलाय.