तोंडावरचं पू
आज गच्चीवर आवारम्पू वाळत घातलं आणि त्याच्या उग्र वासाने अक्काला बघायला पुण्याहून माणसं आली होती ती दुपार आठवली. तेव्हा टीव्हीवर गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती नव्यानेच लागायच्या, पण आईचा भरवसा या पिवळ्या फुलांच्या लेपावर. तमिळमध्ये पू म्हणजे फूल, आणि आमच्या तंजावरच्या मराठीत तो शब्द तसाच मुरलेला. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पोचले. मी कॉफी देत होते, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “पोरी, तोंडावरचं पू लवकर पूस गे, गळ्यालाही आहे!” मुलाच्या आईने पेला खाली ठेवला. “मुलीच्या तोंडावर पू आहे?” असं म्हणत त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. अक्का ऐकून तशीच बाहेर आली, अर्धा चेहरा पिवळा, अर्धा तिचा सावळा, हातात लेपाची वाटी. “पू म्हणजे फूल, मामी. गोरी व्हावी म्हणून आई लावते. मी काही होत नाही.” बाईंनी वाटी हुंगली. मग त्या म्हणाल्या, “अगंबाई, हा तर आमच्या माळावरचा तरवड!” आणि त्यांनी पेला पुन्हा हातात घेतला. परवा अक्काचा फोन आला, तर मागून तिच्या सासूबाईच ओरडत होत्या, “तिला म्हणावं, पू जरा जास्त पाठव, मागचा संपला!”