ऑपरेटर मावशींचा कान

ऑपरेटर मावशी गाणं लावायच्या आधी काहीच न लावता ऐकायच्या. कॉम्प्युटर सुरू, स्पीकर सुरू, आवाजाचं बटण वर, आणि गाणं मात्र बंद. एक हात वर धरून, डोळे मिटून त्या मिनिटभर बसायच्या. मग म्हणायच्या, "पहले चुप्पी ऐकावं. चुप्पीच साफ नसन, त गाणं काय साफ येईन?"

त्यांची सारी नोकरी रायपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आईची मैत्रीण म्हणून मला त्या मावशी, पण आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले छत्तीसगढी शेजारीही त्यांना 'ऑपरेटर मौसी'च म्हणायचे. आई सांगायची, एका पावसाळ्यात त्यांनी नुसती खरखर ऐकून लाइनमनला सांगितलं होतं, "भाटापाऱ्याच्या अंगाले पाहा, तार भिजली हाय." आणि तार तिकडेच भिजलेली निघाली.

निवृत्तीनंतर त्यांनी गाणी ऐकायला कॉम्प्युटर घेतला आणि पहिल्याच दिवशी वैतागल्या. "हे मशीन स्वतःच बडबड करून राहिलं!" मग दिवसचे दिवस वाचून त्यांनी एक छोटी डबी मागवली. तिला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटातल्या विजेच्या गोंगाटात आवाज तयार होण्याऐवजी नुसते आकडे यूएसबीच्या तारेनं बाहेर येतात आणि त्यांचा आवाज या डबीत होतो, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारपणाचं वेड.

तेव्हा मी बूढापाऱ्यातल्या दृष्टिहीन मुलींच्या एका वसतिगृहासाठी धड्यांची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. सहा महिने झाले असतील. एक दिवस दहावीतली किरण भीत भीत म्हणाली, "दीदी, आपकी आवाज़ के पीछे मक्खी है क्या?" मला वाटलं, आपला गळाच खराब. खिडक्या बंद करून, गरम पाणी पिऊन मी दोन अख्खी पुस्तकं पुन्हा वाचली. माशी तिथंच. परीक्षा जवळ आली होती आणि मुली धडे अर्ध्यात सोडून डोकं दुखतं म्हणत होत्या. मी मावशींना सांगितलं की आता हे काम सोडतेय, दुसरी कुणी वाचेल.

"काहून? तुह्या गळ्यात माशी हाय का?" असं म्हणून त्यांनी माझा धडा आपल्या मशीनवर लावला. मी माझाच श्वास ऐकला, पान उलटल्याची सळसळ ऐकली. माशी नव्हती. "तुहं रेकॉर्डिंग साफ हाय," मावशी म्हणाल्या. "माशी तिकडं हाय. चाल."

माझ्या स्कूटरवर मागे बसून, डबी पर्समध्ये घेऊन त्या वसतिगृहात आल्या. तिथं हेडफोन कॉम्प्युटरच्या पुढच्याच भोकात खोचलेला. त्यांनी तो कानाला लावला आणि माउस इकडेतिकडे हलवला. मग हेडफोन माझ्या कानावर ठेवला. माउस हलला की गुणगुण वाढे, थांबला की बसे. "ही पाह्य तुही माशी."

डबी जोडली, माशी गेली. पण आता खटखट यायला लागली. तिथं यूएसबीच्या एकाच हबमध्ये, चार भोकांच्या पट्टीत, कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि आमची डबी गर्दी करून बसली होती. मावशींनी डबीची तार उपसून सरळ कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावली. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण वर नेऊन ठेवला, कमीजास्त करायचं ते डबीच्या बटणावर ठेवलं, आणि किरणला बसवलं. किरणनं हेडफोन कानांवर दाबून धरला. मग हात पुढे करून हवेत चाचपडत म्हणाली, "दीदी, आप तो यहीं बैठी हैं।" मी पलीकडे दाराशी उभी होते. मला तिथंच रडू फुटलं.

वर्षभरानं वसतिगृहानं मोठ्या खोलीत स्पीकर लावायचे ठरवलं. बोलवायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, वरचे सूर गेले. 'साखर' म्हणलं त मले 'आखर' ऐकू येते." मी म्हटलं, राहू द्या मग. तशा उसळल्या, "कान गेले माहे, अक्कल नाही गेली!"

त्या दुपारी त्यांनी किरणला खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिला प्रश्न विचारत राहिल्या. "'स' चुभता क्या?" "हव मौसी, थोड़ा चुभता है।" स्पीकर हातभर भिंतीपासून पुढे आले, थोडे आत वळले. "अब गूंजता है?" "नई मौसी।" एक बारीक घरघर उरली होती. ती त्यांना ऐकूच येत नव्हती, किरणनं नुसतं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायरचे प्लग दोन वेगळ्या भिंतींवरून काढून एकाच बोर्डावर लावले. घरघर थांबली. स्वतःला ऐकू न येणारा आवाज दुसरीच्या कानानं धुऊन काढणारं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

मावशींना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या खोलीत माझ्या आवाजातला पहिला धडा लावला तेव्हा त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. तिथून त्यांना जेमतेम ऐकू येत असावं. मध्येच साऱ्या मुली खुदकन हसल्या.

"काय झालं? काहून हसल्या?" त्यांनी घाबरून विचारलं.

मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "वाचताना मला हसू आलं होतं मावशी. मी ते दाबलं होतं."

"दाबलेलं ऐकू आलं त्यांना?"

"हो."

"मंग झालं काम," म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.