न हलणारा आकडा

कामतघरच्या चाळीत आमच्या शेजारी श्रीरंग टेंभे राहतात. निवृत्त कारकून; सुटे भाग आणून रेडिओ जुळवणं हा त्यांचा छंद. विजेचा प्रवाह अडवणारा रेझिस्टर मीटरने तपासताना त्याची दोन्ही टोकं बोटांत धरायची नाहीत, नाहीतर आपलं अंगही मोजलं जातं आणि आकडा घसरतो, हे त्यांनीच मला शिकवलं.

गेल्या महिन्यात त्यांचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं. इस्पितळातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला हाक मारली. एका रेझिस्टरची टोकं त्यांनी मुद्दाम मीटरच्या तारांसकट चिमटीत घट्ट धरली होती. आकडा दहा लाख ओहमवरून हलत नव्हता.

"वहिनी, तुम्ही धरा बघू."

मी धरलं. आकडा झरझर उतरला.

"तुमचं अंग मोजलं जातंय. मग माझं का नाही?"

"हात कोरडे पडलेत तुमचे," त्यांची बायको शुभदा म्हणाली. "घरी आलात नाही तोच ते मेलं यंत्र!" तरी तिने त्यांची बोटं पाण्यात बुडवली.

त्यांनी ओल्या बोटांनी पुन्हा धरलं. आकडा तसाच राहिला.

"शुभदा, मी आलोय ना गं घरी?"

तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "आलात की," ती म्हणाली. पण बघत होती माझ्याकडे.